शेवाळावर ठेवलेलं जॅकेट

अठ्ठावीस वर्षं मी एकाच रस्त्यावर टपालाची गाडी चालवली. जायला अठ्ठावन्न किलोमीटर, यायला अठ्ठावन्न. पुढे टपालाच्या थैल्या, मागे आठ माणसांची जागा, आणि ती आठ कधी भरली नाहीत. निवृत्त होऊनही आता नऊ वर्षं झाली, तरी पहाटे पावणेपाचला आधी कंबर दुखायला लागते, मग मी जागी होते. लोक म्हणतात, काय सुंदर रस्ता होता गं तुझा, हिल्का! डोंबलाचा सुंदर. सहा महिने बर्फ आणि उरलेले सहा महिने खड्डे.

त्या रस्त्यावर एकतिसाव्या किलोमीटरला काउकोची टपालपेटी होती. त्याचं घर तिथून आत दोन किलोमीटर, नदीकाठी, आणि त्याच्यापुढे घरच नाही. पत्र असो नसो, तो रोज पेटीपाशी यायचा. त्याला कोण पत्रं लिहिणार? आठवड्याचा पेपर आणि नाताळात मुलीचं कार्ड, एवढंच. पण साडेसातला मी वळण घेतलं की काउको उभा, आणि त्याच्या डाव्या गुडघ्याला टेकून उस्वा. उस्वा म्हणजे धुकं. कुत्री होतीही तशीच राखाडी, कान ताठ, शेपटी पाठीवर वळलेली. मुलखाची हट्टी. मला तिनं कधी शेपटी हलवून दाखवली नाही, गाडीच्या चाकांना मात्र रोज हुंगायची.

चाळीस वर्षं काउकोनं जंगलात झाडं तोडली आणि नदीतून ओंडके वाहून नेले. त्याची बायको साइमी फार शिस्तीची. तिच्या काळात कुत्र्यानं उंबरा ओलांडायचा नाही म्हणजे नाही. साइमी गेली त्या आठवड्यात उस्वा घरात आली ती चुलीपाशीच झोपायला लागली. मी काउकोला म्हटलं, "साइमीला हे आवडलं नसतं."

"मी नाही आणली," तो म्हणाला. "हिलाच करमेना."

सगळं त्या कुत्रीवर ढकलायची त्याला सवय होती. डिसेंबरात आमच्याकडे दिवस म्हणून उगवत नाही. तेव्हा मला लांबून त्याच्या कपाळावरचा दिवा दिसायचा, आणि दिव्याच्या पुढे कुत्रीच्या श्वासाची वाफ. पायात स्की, कंबरेला पट्टा, पट्ट्याचं दुसरं टोक कुत्रीच्या छातीला. ती ओढायची, हा घसरत यायचा. मी खिडकीची काच बोटभर खाली करायची.

"किती आहे आज?"

"उणे चौतीस."

"मग घरी बसायचं ना! पेपर काय पळून जातोय?"

"हिला बाहेर पडायचं होतं."

"हिनं सांगितलं तुला?"

"सकाळपासून तेच चाललंय हिचं," असं म्हणून तो मिशीवरचा बर्फ पुसायचा आणि मागे फिरायचा. वळताना दोघंही एकाच अंगाला झुकायची. मी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकायची आणि वाटायचं, अजून सत्तावीस किलोमीटर. नवरा स्वीडनला कामाला म्हणून गेला तो तिकडचाच झाला होता, घरी कुणी वाट बघणारं नाही, आणि ह्या म्हाताऱ्याच्या घरात मात्र जाग. मला त्याचा हेवा वाटायचा. आता लाजून काय करू, वाटायचा हेवा.

एप्रिलातल्या एका रविवारी मी त्याच्याबरोबर तळ्यावर गेले होते. तेव्हा बर्फ मीटरभर जाड असतो आणि ऊन मात्र डोळे दिपवणारं. त्यानं बर्फाला हातभर रुंद भोक पाडलं, रेनडियरचं कातडं अंथरलं. त्या कातड्यावर अर्धी जागा त्याची आणि अर्धी उस्वाची असा त्यांचा जुना करार. मी आल्यामुळे उस्वाची जागा गेली. ती समोर जाऊन माझ्याकडे पाठ करून बसली.

"रुसली," काउको म्हणाला.

"रुसू दे. मी काय रोज येतेय?"

"हिला सांग ते."

पहिला मासा उस्वाचा. दुसरा, तिसरा, चौथा त्यानं काठावर जाळ करून भाजला. तळ्याच्याच पाण्याची कॉफी केली, काळी, कडू, बोटभर गाळ. नंतर मी त्या कातड्यावर आडवी झाले आणि चक्क झोपले. जागी झाले तर कुत्री माझ्या पायांवर अंग टाकून पडलेली आणि काउको गळ हलवत बसलेला. तीन तास कुणी कुणाशी बोललं नव्हतं. आयुष्यात तशी झोप मला पुन्हा लागली नाही. फार सुखात होते मी त्या दिवशी.

उन्हाळा मला कधी मानवला नाही. सूर्य मावळायचं नाव घेत नाही, झोपेचं खोबरं, आणि डास इतके की पत्र पेटीत टाकेपर्यंत मनगट सुजायचं. काउकोची त्या दिवसांत घाई असायची. जुलैच्या शेवटी दलदलीत केशरी रानफळं पिकतात. ज्याची त्याची जागा ठरलेली, आणि ती जागा आमच्याकडे कुणी कुणाला सांगत नाही. बाप मुलाला सांगत नाही. काउको बादली घेऊन निघाला की आधी उलट्या दिशेला अर्धा तास चालायचा, मग वळायचा.

"कुठं मिळाली रे एवढी?" मी विचारायची.

"दलदलीत."

"कुठल्या?"

"ओल्या."

मग खो खो हसायचा. वर्षातनं एकदा. पण ऑगस्टात एक छोटी बादली पेटीच्या वर ठेवलेली असायची, झाकणाला दोरी बांधून, आणि ती माझी.

तर असं वर्ष जायचं. आणि मग मार्केताचा तो फोन आला. मार्केता त्याची एकुलती एक मुलगी, तिकडे खाली औलूला नर्स. चारशे किलोमीटर. तिनं माझ्या घरी फोन केला होता.

"हिल्का, तू बाबाला रोज बघतेस. कसा वाटतो तुला?"

"म्हातारा वाटतो. शहात्तर वर्षांचा माणूस कसा वाटणार?"

"त्यानं दोनदा कॉफीची किटली जाळली. ईस्टरला आले तेव्हा मी बघितली, बुडाला भोक. आणि परवा फोनवर मला साइमी म्हणाला. आईच्या नावानं हाक मारली गं त्यानं मला."

तिचा आवाज कापत होता. नर्स होती ती, रोज असली माणसं बघत होती. तिच्या इमारतीत तळमजल्यावर एक खोली रिकामी होणार होती, पण तिथं कुत्रं चालत नव्हतं. काउको म्हणायचा, कुत्री नाही तर मीही नाही. यावरून बाप-लेकीचं वाजलेलं. शेवटी मार्केतानं त्याला बजावलं होतं, आता आणखी एक जरी असा प्रकार कानावर आला तरी मी येईन आणि तुला घेऊन जाईन, हिवाळ्याच्या आत.

"तू फक्त नजर ठेव," ती मला म्हणाली. "काही वेगळं दिसलं तर लगेच कळव. वचन दे."

दिलं मी वचन. नसती उठाठेव. पण लेकीच्या काळजीपुढे नाही कसं म्हणायचं?

काउकोला ते कळलंच. आठवड्यानं पेपर घेता घेता त्यानं विचारलं, "तिला काय काय सांगतेस तू?"

"काही नाही."

"बरं," तो म्हणाला. उस्वाचा एक कान त्यानं बोटानं दुमडला, सोडला. त्या कानानं तिला ऐकू येईनासं झालं होतं. नऊ वर्षांची झाली होती तीही. "आम्ही दोघं मिळून एक माणूस होतो अजून," तो म्हणाला. "हिला वाट आठवते, मला परत यायची वेळ."

सप्टेंबर उजाडला. झुडपं लाल झाली, पहाटे काचेवर हिम. आमच्याकडे सप्टेंबरात बंदूक असलेला प्रत्येक माणूस जंगलात असतो. तेव्हा कुत्र्याच्या गळ्यात बांधायचे, कुत्रं कुठं आहे ते सांगणारे पट्टे नव्हते. होते ते माणसाचे कान.

त्या मंगळवारी सव्वासातला मी सत्ताविसाव्या किलोमीटरला थांबले. तिथं लाकडं नेण्याचा कच्चा रस्ता जंगलात शिरतो, आणि तिथं मी रोज थर्मासातली कॉफी प्यायची. रात्रभर पाऊस पडून गेलेला. उतरून झाडांआड गेले, आणि येताना दिसलं. एका पाइनखाली, शेवाळावर, जॅकेट. हिरवं, डाव्या कोपराला साइमीनं लावलेलं तपकिरी ठिगळ. ओलंचिंब.

दोन अंश तापमान, आणि म्हातारा अंगातलं जॅकेट काढून कुठं गेला? विसरायला लागलेली माणसं असंच करतात, हे मी ऐकलं होतं. कपडे काढतात आणि जंगलात चालू लागतात. मी हाका मारल्या. भोंगा वाजवला, एकदा, दोनदा, पाच वेळा. काही नाही. मग ते जॅकेट उचललं. आमच्याकडे कुणाची वस्तू जमिनीवर पडलेली दिसली तर ती तशीच कुणी सोडत नाही. हातमोजा असला तर फांदीला अडकवतो, कुणाचा ते कळत असेल तर घरी पोचवतो. लहानपणापासून हाताला लागलेली सवय ती, त्यात विचार कसला? मी ते पिळलं, गाडीत हीटरसमोर वाळत घातलं आणि निघाले.

एकतिसाव्या किलोमीटरला पेटीपाशी कुणी नव्हतं. साइमी गेली त्या सकाळीसुद्धा तो तिथं होता, आणि आज नव्हता.

त्याच्या घराकडे जायला हवं होतं मी. दोन किलोमीटर, गाडी जाते तिथवर. पण मागे एक बाई बसली होती, तिला पुढची बस गाठायची होती, थैलीत कुणाचं तरी औषध होतं, आणि मला वेळापत्रकाचा मेला अभिमान. म्हटलं, दुकानातून फोन करू. माझा रस्ता संपतो तिथल्या दुकानात पोचले आणि पहिला फोन लावला तो मार्केताला.

"तुझ्या बाबाचं जॅकेट जंगलात पडलेलं मिळालं," मी म्हटलं. "आणि तो पेटीपाशी आला नाही."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज. मग, "निघाले मी."

फोन ठेवला तेव्हा मागच्या टेबलाशी रेयो बसला होता, आमच्या गावच्या शिकारी टोळीचा म्होरक्या. तोंडात पाव, हातात कॉफी. सगळं ऐकलं होतं त्यानं.

"कुठं होतं जॅकेट?"

"सत्ताविसाव्याला. वळणावर, पाइनखाली."

"पडलेलं की ठेवलेलं?"

"म्हणजे?"

"हिल्का, अगं नीट आठव. फेकल्यासारखं होतं, की अस्तर वर करून पसरलेलं?"

अस्तर वर. पसरलेलं. बाह्या दोन्ही बाजूंना सरळ. माझ्या तोंडावरच त्याला ते दिसलं असावं. त्यानं कप खाली ठेवला.

"आणि तू ते उचललंस," तो म्हणाला. "अरे देवा. कुत्री हरवलीय त्याची."

मला माहीत नव्हतं असं नाही. हेच तर मला अजून खातं. माझा बाप शिकारी होता. कुत्रं मूस हरणाच्या मागे लागून दूर गेलं, अंधार पडला, हाका ऐकू जात नाहीत, तर मालक जिथून त्याला सोडलं त्याच जागी आपलं जॅकेट पसरून ठेवतो आणि घरी जातो. कुत्रं आपल्या मागावरून परत तिथं येतं, मालकाचा वास मिळाला की जॅकेटवर पडून राहतं, दोन दिवस, तीन दिवस. हे आमच्याकडच्या शेंबड्या पोराला ठाऊक असतं. मीही दुसऱ्या कुणाचं जॅकेट असतं तर ओळखलं असतं. पण काउको विसरायला लागलाय हे माझ्या डोक्यात इतकं भरलं होतं की त्याला अजून काही आठवत असेल हे सुचलंच नाही. कपाळ माझं.

अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा मी टपाल अर्धवट टाकून गाडी फिरवली. एकतीस किलोमीटर. रेनडियर रस्त्यावर उभे होते तर भोंगा मारून हाकलले.

काउको तिथंच होता. पाइनपाशी, नुसत्या लोकरी स्वेटरवर, ओला. तो पहाटेच नदीपलीकडे गेला होता शोधायला, इकडची बाजू जॅकेटच्या भरवशावर सोडून. एक माणूस दोन ठिकाणी थोडाच उभा राहू शकतो? गाडी थांबली तशी त्यानं आधी माझ्या हाताकडे बघितलं. हातात जॅकेट होतं, हीटरनं वाळलेलं, डिझेलचा वास येणारं.

"किती वाजता उचललंस?"

"सव्वासातला." मला रडू यायला लागलं. "काउको, मला वाटलं तू..."

"इकडे ये."

त्यानं कच्च्या रस्त्यावर बोट दाखवलं. ओल्या वाळूत माझ्या गाडीच्या चाकांची खूण उमटली होती. आणि त्या खुणेच्या वर, अगदी तिच्यावर, कुत्र्याचे पंजे. डावा मागचा पाय ओढत गेलेला. शेवाळावर, जिथं जॅकेट होतं बरोबर तिथं, एक गोल खळगा दबला होता आणि त्यात राखाडी केस.

"आली होती," काउको म्हणाला. "तू गेल्यावर. पडून राहिली थोडा वेळ. तिला वाटलं असेल, मी येऊन गेलो, तिला न घेताच."

पंजे डांबरी रस्त्यापर्यंत जात होते, माझ्या गाडीच्या दिशेनं. डांबरावर काही दिसत नव्हतं.

तो मला एक वाईट शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "ठेव होतं तिथं." मी ठेवलं. अस्तर वर, बाह्या सरळ.

संध्याकाळी मार्केता आली. मी तिच्यासमोर सगळं सांगितलं, माझी चूक आहे, तो काही विसरला नव्हता, उलट त्यालाच आठवत होतं आणि आम्ही विसरलो. तिनं कोटही काढला नव्हता.

"हिल्का, सकाळी एक सांगितलंस आणि आता दुसरं," ती थकून म्हणाली. "तू त्याला पाठीशी घालतेस. मला कळतं गं ते, पण त्यानं त्याचं भलं होणार नाही."

"मी कुठंही येत नाही," काउको खिडकीतून बाहेर बघत म्हणाला. "उस्वा आल्याशिवाय हलणार नाही. हातपाय बांधून ने हवं तर."

मार्केतानं रजा वाढवून घेतली. रेयोची टोळी शिकार सोडून तीन दिवस जंगलात फिरली. मी प्रत्येक पेटीपाशी थांबून विचारलं. चाळिसाव्याला एका बाईला राखाडी कुत्रं दिसलं होतं, लंगडणारं, ते हाक मारल्यावर बिथरून झाडीत गेलं. ऐकू येत नसेल तिला नीट. त्यानंतर काही नाही. मला झोप लागत नव्हती, जेवण जात नव्हतं, आणि रोज सव्वासातला त्या वळणावर थांबावं लागायचं.

बाप-लेक रोज पहाटे तिथं यायची. पहिल्या दिवशी मार्केता गाडीतच बसून राहिली, तोंड फुगवून. चौथ्या दिवशी बघितलं तर ती त्याच्या मागून जंगलातून बाहेर येत होती, केसांत काटक्या. आठव्या दिवशी माझ्या थर्मासातली कॉफी पिताना ती हळूच म्हणाली, "काल आम्ही सहा तास चाललो. नकाशा नाही, काही नाही. कुठल्या ओढ्याला कुठं उतार आहे, कुठलं झाड कधी पडलं, सगळं माहीत आहे त्याला. मला साइमी म्हणाला एकदा. पण रस्ता चुकला नाही."

"मी सांगत होते ना."

"हो. सांगत होतीस." तिनं कप माझ्या हातात दिला. "मी उद्या-परवा परत जाईन म्हणते. एकटीच. त्याला नवीन पिल्लू आणून देऊ का, हिल्का?"

माझा जीव भांड्यात पडला. खोटं कशाला बोलू, कुत्री गेली तरी म्हातारा वाचला, असं वाटलं मला.

बाराव्या दिवशी पहिला बर्फ पडला. चार बोटं, अगदी मऊ, वाऱ्याशिवाय. शोधणाऱ्या माणसाला अशा बर्फाइतकं खरं दुसरं काही सांगत नाही. जे कुणी चाललं ते त्यावर उमटतं. मी पोचले तेव्हा काउको पाइनपासून दहा पावलांवर उभा होता आणि मार्केता त्याच्या मागे. जॅकेटवर बर्फाचा थर होता. भोवती सशाच्या उड्या दिसत होत्या, कुठल्याशा पाखराची नखं दिसत होती. तिथून पार झाडीपर्यंत बाकी कोरं.

तो बराच वेळ बघत राहिला. मग पुढे झाला, जॅकेट उचललं, झटकलं, आणि अंगात घातलं. आत बर्फ असणार, गार पडलं असणार, पण त्यानं बटणं लावली, एकेक, वरपर्यंत. मी तोंडावर हात दाबून उभी होते.

मी त्या दोघांना गाडीत घालून घरी सोडलं. मार्केतानं आग्रह केला म्हणून आत गेले. तिनं चूल पेटवली, कॉफी ठेवली. चुलीपाशी ती जुनी गोधडी तशीच होती, तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. काउको टेबलाशी बसला, अंगात जॅकेट तसंच, बाहीतून पाणी गळतंय.

मार्केता त्याच्यासमोर बसली आणि तिनं त्याचा हात धरला.

"बाबा, मी चुकले. मला तुझ्या तोंडून एकदा ऐकायचंय, मग मी हा विषय पुन्हा काढणार नाही, कधीच. ते जॅकेट तू मुद्दाम ठेवलं होतंस, हो ना? उस्वासाठी. एवढं सांग, आणि मी आजच्या आज निघते. तुझं घर, तू राहा. मी येत जाईन."

मी मनात म्हटलं, सांग रे बाबा, सांग लवकर. एवढंच तर हवं होतं. त्याच्या बाजूनं सगळं होतं आता, लेक होती, मी होते, रेयोची अख्खी टोळी होती.

काउकोनं टेबलावरचं पाणी तळहातानं पुसलं.

"विसरलो होतो," तो म्हणाला.

"काय?"

"जॅकेट. विसरलो होतो तिथं. काढलं आणि विसरलो."

"खोटं बोलतोय हा!" मी ओरडले. "मार्केता, खोटं आहे ते! काउको, अरे काय बोलतोयस? अस्तर वर होतं, बाह्या..."

"हिल्का," तो म्हणाला. रागानं नाही. असा हळू बोलला की मला ओरडल्याची लाज वाटली. "हिवाळा येतोय. मला आता बाहेर कोण काढणार? दमलो गं मी."

मार्केता उठून त्याच्या मागे गेली आणि तिनं त्याच्या ओल्या खांद्यांवर डोकं ठेवलं. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, तिच्या त्या खोलीला खिडकी आहे का, आणि ती म्हणाली, हो, आहे.